शेंदराची पायरी

मामंजी, आज तुमच्याशी थेट बोलते आहे. मध्ये म्हैस नाही, भिंत नाही. तुम्ही हयात असताना हे जमलं नाही. आपल्या गावात सून सासऱ्यापुढं उभी राहून बोलत नाही. काही सांगायचं तर सासूच्या कानात, नाहीतर लेकरामार्फत. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि लेकरू काही झालं नाही. राहिली मैना म्हैस. 'मैने, मालकाला सांग, भाकरी वाढलीया,' असं मी म्हणायची, आणि तुम्ही वैरण टाकता टाकता तिलाच उत्तर द्यायचा, 'मैने, पोरीला म्हणावं, कालवणात मीठ न्हाई.' सुरुवात मिठापासून झाली. पुढं आपण त्या बिचारीच्या डोक्यावरून बँक, सरकार, वीजबिल, सगळ्यावर भांडलो. तुम्हाला एका कानानं ऐकू येत नव्हतं म्हणून मला ओरडावं लागायचं. लोक म्हणायचे, हवालदाराच्या घरात म्हैस लय कज्जा करती.

तुम्हाला जाऊन अजून महिना व्हायचाय, आणि मला तुमचा राग येतो. आधी तेच सांगते. मेलेल्या माणसाबद्दल गोड बोलायची रीत आहे, पण तुमच्याबद्दल गोड बोलले तर ऐकणारे हसतील. तुम्ही फौजेतून हवालदार होऊन, सुरुंगाचं काम शिकून आला. डाव्या हाताची दोन बोटं आणि उजवा कान त्यातच घालवलात, पण हौस गेली नाही. तासगावच्या या कोरड्या अंगाला खाली सगळा काळा पाषाण. मोटेच्या काळातल्या विहिरी उथळ होत्या, त्या तुम्ही फोडून खोल केल्यात. भर दुपारी 'सुरुंग हाय, पळा' अशी तुमची आरोळी यायची, मग जमीन हादरायची आणि चुलीवरच्या तव्यातली भाकरी जागची हलायची. एकदा उडालेला दगड एका म्हातारीच्या शेळीच्या टाळक्यात बसला आणि शेळी जागीच गेली. तुम्ही तिचे पैसे टाकले आणि मटण घरी आणलंत. मी शिजवलं, पण खाल्लं नाही.

आणि संपत. माझा नवरा, तुमचा एकुलता एक लेक. त्याला तुम्ही मिशा फुटल्यावरसुद्धा चारचौघांत मारायचा. पोहायला शिकवायचं म्हणून कमरेला सुका भोपळा बांधून त्याला विहिरीत फेकलं होतंत, आणि तो वर आला की पायानं पुन्हा खाली दाबायचा. ही गोष्ट तुम्ही हसत सांगायचा. तो नाही हसायचा. पण त्याच विहिरीत तुम्ही स्वतः श्रावणात काठावरून सूर मारायचा, म्हातारपणीही, आणि पार तळाची माती मुठीत घेऊन वर यायचा. तुमच्यासारखा पोहणारा पंचक्रोशीत नव्हता. हे मी उगीच सांगत नाही.

आपलं पहिलं मोठं भांडण आठवतं का? मी मॅट्रिक झालेली, कुंडलला माहेरी रोज पेपर वाचायची सवय, आणि जीभ तर तुम्हाला माहीतच आहे. मी म्हटलं, 'मैने, मालकाला इचार. वरच्या अंगाच्या गड्याची विहीर खोल केली की खालच्या अंगाची आटती. मग खालचा बी ह्यांनाच बोलावतो. दोन्हीकडनं पैशे घेऊन दोघांची डोकी फोडायची, ह्याला फौजेत काय म्हंत्यात?' तुम्ही वैरणीची पेंडी हातात धरून इतके हसलात की तुम्हाला खोकला लागला. मग म्हणालात, 'मैने, तिला म्हणावं, पाणी ज्याच्या पहारीचं त्याचं. भिऊन वर बसला त्याला देव बी देत न्हाई.' मी म्हटलं, 'आन् आभाळातनं पडतं तवा कुणाच्या सातबाऱ्यावर पडतं?' त्यावर तुम्ही मैनेच्या पाठीवर थाप मारून निघून गेलात. उत्तर दिलं नाहीत. ते अजून बाकी आहे.

एकट्या तुमच्यावर खापर फोडणं बरं नाही, तेही सांगते. बहात्तरच्या दुष्काळात सगळ्यांनी खडी फोडली होती. त्यातून जो तो एकच धडा शिकला, की पाणी आपलं हवं आणि आपल्या हद्दीत हवं. बँकेचा साहेब मोटारसायकलवर यायचा आणि विहिरीला, मोटरला कर्ज देऊन जायचा. तो एकच विचारायचा, किती खोल. शेजारची विहीर किती लांब आहे, हे त्यानं कधी विचारलं नाही. पुढं विजेचं बिल मोटरच्या हॉर्सपॉवरवर आलं. मोटर तासभर चालवा नाहीतर दिवसभर, पैसे तेवढेच. भरलेले पैसे वाया गेलेले कुणाला सोसतात? लोक मोटर लावून आठवड्याच्या बाजाराला जायचे आणि पाणी सरीतून फुटून ओढ्याला लागायचं. मी ओरडायची, की मैने, विजेला दर हाय, तिच्या डांबाला दर हाय, जिलेटिनच्या कांडीला दर हाय, आन् निस्त्या पाण्यालाच न्हाई. बाईच्या डोईवरच्या घागरीला तर मुळीच न्हाई, म्हणून ह्ये समदं स्वस्त दिसतंया. तुम्ही म्हणायचा, पोरगी शिकून वाया गेली.

पण तो तापही आठवतो. लग्नानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात मला विषमज्वर झाला. संपत माल घेऊन सांगलीला गेलेला. ओढ्याला पाणी आलेलं, एसटी बंद. ज्या सुनेच्या तोंडाकडं तुम्ही कधी बघितलं नव्हतं, तिला घोंगडीत गुंडाळून तुम्ही उचललंत आणि बैलगाडीत घातलंत. ओढ्यात गाडी तरंगायला लागली तेव्हा तुम्ही पाण्यात उतरून जू खांद्याला लावलंत. मला अर्धवट शुद्ध होती. तुम्ही बैलांना शिव्या देत होता आणि मध्येच त्यांनाच सांगत होता, 'ओढा रं गड्यांनो. माझी पोरगी मरू द्यायची न्हाई.' तासगावच्या दवाखान्यात तुम्ही दाराबाहेर बाकावर बसून होता, आत आला नाहीत. डॉक्टरनं विचारलं कोण तुमचे, तर मी 'वडील' म्हणाले. तुम्हाला ते त्या दारातून ऐकू आलं असेल असं वाटत नाही.

मग संपतनं द्राक्षं लावली. दगडी खांब, तारा, मांडव, सगळं स्वतःच्या हातानं उभं केलं. तुम्ही नाक मुरडलंत, 'पोराटोरांचा खाऊ,' म्हणून. पण ती बाग ही त्याची आयुष्यातली पहिली गोष्ट होती, जिच्यावर तुमचा हात फिरला नव्हता. तो वेलींशी बोलायचा. माझ्याशी बोलायचा नाही इतका. सगळ्या गावात मांडव उभे राहिले, सगळ्यांना पाणी लागलं, आणि तुमच्या सुरुंगाला उसंत राहिली नाही. शेवटची विहीर तुम्ही फोडलीत ती किसनतात्याची. किसनतात्या म्हणजे तुमचा लहानपणापासूनचा सोबती, गावातला मोठा बागायतदार. त्याची विहीर गावाच्या बारवेला, पिण्याच्या पाण्याच्या पायऱ्यांच्या विहिरीला, लागून. आठवडाभरात बारवेचा तळ दिसायला लागला.

पायऱ्या उतरून आम्ही बायका पार तळाशी जायचो. एका खळग्यात झिरपायचं तेवढं पाणी, ते तांब्यानं उपसायचं आणि घागर भरायची. उन्हानं टाळकी तापलेली. त्या दिवशी माझा नंबर होता आणि किसनतात्याची बायको पारू मध्ये घुसली. मी तिची घागर लाथेनं उडवली. तिनं माझीच तांब्याची कळशी उचलून काठानं माझ्या कपाळावर हाणली. मी तिच्या दंडाला चावले. बाकीच्या सोडवायला आल्या आणि त्याही एकमेकींच्या झिंज्या धरून बसल्या. खळग्यातलं पाणी लाल झालं, आणि तरी एक म्हातारी त्यातलंच वरवरचं भरत होती, कारण तिला थांबणं शक्य नव्हतं.

मी घरी आले तेव्हा साडी छातीपर्यंत भिजलेली. पाण्यानं नव्हे. तुम्ही गोठ्यात होता. मी मैनेसमोर उभी राहिले आणि म्हटलं, 'मैने, मालकाला इचार, सुरुंगाचं पैशे घेतल्यात, ह्या खोकंचं कोण देणार?' तुम्ही माझ्या कपाळाकडं बघितलंत. पहिल्यांदाच नीट बघितलंत. हळद आणून मैनेच्या दावणीवर ठेवलीत आणि बाहेर पडलात.

दुसऱ्या दिवशी तुम्ही शेंदूर आणि तेल घेऊन बारवेत उतरलात आणि मधल्या एका पायरीला शेंदूर फासलात. गावाला महादेवाच्या देवळात बोलावलंत. नियम साधा होता, येत्या पावसापासून लागू. त्या पायरीवर पाणी आहे तोवर ज्यानं त्यानं मोटर चालवावी. शेंदूर उघडा पडला की गावातल्या सगळ्या मोटरींचे फ्यूज काढून तुमच्याकडं आणून द्यायचे, आणि पाणी पुन्हा शेंदरावर चढलं की घेऊन जायचे. तुम्ही कुणाला गोडीनं पटवलं नाहीत, ते तुमच्या रक्तातच नव्हतं. म्हणालात, 'जो मोटर चालवंल त्याच्या विहिरीत सुरुंग लावून विहीर बुजवीन. मला फोडाया येतं तसं बुजवाया बी येतं.' मग घराघरातल्या कर्त्या माणसानं बेलभंडारा उचलला. पिंडीवरचा बेल आणि भंडारा हातात घेऊन शपथ घेतली की ती मोडायची नाही, एवढं आपल्याकडं अजून आहे.

मला अभिमान वाटला, आणि काळजीही. त्याच संध्याकाळी मी म्हटलं, 'मैने, मालकाला सांग, न्येम चांगला हाय. पर समद्या गावाचं फ्यूज एकाच्या हातात, ह्यो न्येम न्हाई, ही दांडगाई झाली. लोक पायरीला भ्याली न्हाईत, ह्यांना भ्याली. उद्या ह्यांच्याच घरातल्यानं मोडलं तर? उद्या ह्येच नसलं तर?' तुम्ही म्हणालात, 'मैने, मी काय एवढ्यात मरतुया व्हय? आन् माझ्या घरात मोडायची कुणाची छाती हाय?' शपथ कर्त्यांनी घेतली होती, मोटरी चालवत होती त्यांची पोरं. ही फट भर देवळात कुणालाच दिसली नाही. बापानं बेल उचलला म्हणजे घरानं उचलला, असंच सगळे धरून चालले. आम्हीही धरून चाललो.

पावसात बारव भरली, शेंदूर बुडाला, आणि माघात तो उघडा पडला. बागांत द्राक्षाचे मणी भरायची वेळ. आता पाणी तुटलं तर वर्षाची मेहनत मातीत. तरी सगळ्यांनी फ्यूज आणून दिले, शिव्या घालत का होईना. पांढऱ्या चिनीमातीचे ते फ्यूज तुम्ही गोणीत घालून माळ्यावर टाकलेत. संपतनं आपलाही दिला, सगळ्यांच्या देखत. मग घरात तुमच्यापुढं हात जोडले, 'आबा, एक पाणी द्या. निस्तं एक. मणी सुकाय लागल्यात.' तुम्ही त्याच्या कानाखाली वाजवलीत. 'शेंदूर दिसतुया का तुला?' तो गाल न चोळता उठून बागेकडं गेला. त्याचं ते जाणं मला त्याच वेळी आवडलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात मी भावाच्या लग्नाला कुंडलला गेले. तुम्ही आपली सोडून सबंध गावच्या विहिरी तपासत हिंडत होता. आणि संपतनं फ्यूजच्या जागी तांब्याची तार पिळली आणि मोटर चालू केली. सगळ्या शिवारानं ऐकलं. तुम्हाला ऐकू आलं नाही. ज्या सुरुंगांनी विहिरी फोडल्या त्यांनीच तुमचा एक कान नेला होता, दुसराही मंद केला होता, आणि लोकांना वाटलं हवालदार ऐकून न ऐकल्यासारखं करतोय. मी परत आले त्या दिवशी देवळापुढं किसनतात्या तुमच्या चांगल्या कानाशी येऊन ओरडला, 'आमचं मणी वाळवून सोताच्या लेकाला पाणी देतुयास व्हय रं? ह्योच का तुझा बेल?' हे मला मागाहून कळलं. देवळामागं कुणाची तरी पहार पडली होती ती उचललीत आणि मळ्याची वाट धरलीत. मी भाकरी घेऊन आधीच मळ्यात पोचले होते.

त्यानंतरचं मी फौजदाराला सांगितलं, तुम्हालाही सांगते, कारण शेवटचं तुम्हाला दिसलं नसेल. मोटर चालू होती, पण खाली पाणी संपत आलं होतं, पाइपातून नुसता घोरल्यासारखा आवाज येत होता. तुम्ही मेन स्विच पाडलात आणि पहारीनं स्टार्टरची पेटी ठेचून काढलीत. संपत धावत आला. तुम्ही वळून मांडवावर गेलात, पहिल्याच ओळीच्या तारेवर पहार घातलीत. तार तुटली, वेल घडांसकट खाली आले. तुम्ही ते पायांनी तुडवलेत. तो ओरडला, 'मी बेल उचलला न्हाई. तुमी उचललाय.' तुम्ही म्हणालात, 'माझ्या रक्तानं उचललाय.' मग पुन्हा विहिरीकडं वळलात, म्हणालात आता मोटरच खाली ढकलतो. काठावर तुमची झटापट लागली. पहार दोघांच्या हातात, एक टोक तुमच्याकडं, एक त्याच्याकडं. मी मध्ये शिरायला गेले. तुम्ही माझ्याकडं बघितलंत आणि म्हणालात, 'पोरी, लांब सर.'

मैना तिथं नव्हती. तुम्ही मलाच म्हणालात. इतक्या वर्षांत एवढेच शब्द, आणि मी त्याला उत्तर द्यायच्या आत संपतनं पहार रेटली. त्याच्या हातून सुटली नाही, मामंजी. त्यानं सगळं अंग घालून रेटली, आणि त्याच्या तोंडावर तेव्हा जे होतं ते लहानपणापासूनचं होतं.

तुम्ही पडलात. आवाज पाण्याचा आला नाही. एरवी एवढ्या उंचीवरून तुम्ही हसत हसत उडी टाकली असती. पण विहीर तुम्हीच खोल केलेली, आणि आठवडाभर मोटर चालवून तुमच्या लेकानं रिकामी केलेली. खाली पाषाण होता आणि घोटाभर गढूळ. संपत पाइपाला धरून घसरत खाली उतरला, तळहाताची कातडी पाइपालाच राहिली. तुमचं डोकं मांडीवर घेऊन तो 'आबा, आबा' करत होता. लोक जमले, बाज सोडली, तुम्हाला वर काढलं. तुमच्या मुठीत माती होती.

दहाव्याला ओढ्याकाठी सगळे गंभीर तोंडं करून उभे होते. कावळा शिवला नाही तर काहीतरी वचन द्यावं लागेल, म्हणून जो तो झाडांकडं बघत होता. पण कावळा आला आणि पिंडाला भिडलाच. तुम्हाला जेवणाला थांबायची सवय कधी नव्हतीच. लोकांचा जीव भांड्यात पडला. कुणाला काही कबूल करावं लागलं नाही.

पोलीसपाटलानं 'पाय घसरून' असं लिहून घेतलं होतं. तासगावचा फौजदार सुतक संपल्यावर माझा जबाब घ्यायला येणार होता, कारण पाहिलेली मी एकटीच. त्याच्या आधी किसनतात्या चार माणसं घेऊन आपल्या पुढच्या सोप्यात येऊन बसला. संपत भिंतीला टेकून होता, हाताला फडकी गुंडाळलेली. पाणीसुद्धा पीत नव्हता. किसनतात्या रडला आधी, खरंच रडला. मग म्हणाला, 'सूनबाई, झालं ते झालं. म्हातारा गेला, आता ह्याला तरी राख. आमी समदी सांगू, पाय घसरला. तू बी तसंच सांग.' मी दाराआड उभी. तो थांबला, धोतराचा सोगा सारखा केला आणि म्हणाला, 'आन् ती गोणी तेवढी काढून दे. हवालदाराच्या मागं बेल बी संपला. घड अजून समदं ग्येल्यालं न्हाईत, दोन पाण्यात सुधरतील.'

मला तेव्हा कळलं की ही दोन वाक्यं नव्हती, एकच होतं. फ्यूज दिले तर माझा नवरा घरी राहतो. नाही दिले तर गावाची जीभ सुटते. आणि बारवेत तेव्हा शेंदूर उघडाच होता, कपडे धुवायलाही पाणी नव्हतं. एवढा संताप मला त्या कळशीच्या घावानंही आला नव्हता. तुमच्यावरही आला. तुम्ही सगळं आपल्या मुठीत धरलंत आणि मूठ उघडली तेव्हा ते माझ्या पदरात पडलं. मी तुम्हाला मैनेसमोर हेच ओरडून सांगत होते.

मी दाराआडून बाहेर आले. पाचही जणांनी माना खाली घातल्या, कारण मी पदर घेतला नव्हता. म्हटलं, 'आवं तात्या, मी साक्ष इकाया काढल्याली न्हाई. फौजदाराला काय सांगायचं ती माझं मी बघीन. आन् फ्यूज मिळायचं न्हाईत.' किसनतात्या म्हणाला, 'नवरा तुरुंगात जाईल तुझा.' मी म्हटलं, 'जाईल. आन् सासरा कुठं गेलाय?' त्यावर ते उठले. जाताना एकजण म्हणाला, घर फोडून गोणी न्यायला किती वेळ लागतोय.

म्हणून मी ती घरात ठेवलीच नाही. सकाळी बारवेवर सगळ्या बायका जमल्या तेव्हा गोणी काखेला मारून गेले आणि पायरीवर रिकामी केली. ज्या घराचा फ्यूज, तो त्या घराशी ज्यांचं वैर, त्यांच्या बाईच्या हातात दिला. किसनतात्याचा दिला त्याच्या खालच्या अंगाच्या विहीरवालीला, जिची विहीर त्याच्या मोटरीनं आटली होती. तिनं तो चोळीत घातला. भांडणं कुणाची कुणाशी आहेत हे आम्हा बायकांइतकं कुणाला ठाऊक? एकीलाही न सांगता सगळ्यांना समजलं. तार पिळली कुणी तर आवाज पहिला वैऱ्यालाच जाणार, आणि त्याचा कान तुमच्यासारखा नाही. शेवटी आपल्या घरचा उरला. तो मी पारूला दिला. जिनं माझं कपाळ फोडलं तिला. तिनं माझ्या खोकेच्या खुणेकडं बघितलं, फ्यूजकडं बघितलं, आणि म्हणाली, 'मी तुला कवाच सोडायची न्हाई बघ.' मी म्हटलं, 'म्हणून तर देतेय.' त्या संध्याकाळी किसनतात्यानं तिला मारलं म्हणे, तोच फ्यूज आपल्या मोटरीला दे म्हणून. तिनं दिला नाही. ती दांडगी आहे, तुम्हाला आवडली असती.

घरी आले तर संपत उठून बसला होता. म्हणाला, 'फौजदाराला काय सांगणारैस?' मी म्हटलं, 'बघितलं ती.' त्यानं फडकी गुंडाळलेले हात मांडीवर ठेवले. मग म्हणाला, 'मग मीच सांगतो. तुझ्या तोंडनं नगं.' त्यानं त्या दिवशी भाकरी खाल्ली. मी कुस्करून दूध घातलं, कारण त्याला हातानं तुकडा मोडता येत नव्हता. मला त्याची घृणा येत होती आणि मी त्याला घास भरवत होते, दोन्ही एकाच वेळी, आणि हे तुम्हाला सांगायला मला लाज नाही. सकाळच्या एसटीनं तो तासगावला गेला. दारात थांबून म्हणाला, 'बागेला एक पाणी...' मी म्हटलं, 'न्हाई.' तो मान हलवून गेला.

तो आता कोठडीत आहे. माझाही जबाब झाला. रेटली हे मी सांगितलं, आणि तो तुमच्यामागं विहिरीत उतरला हेही सांगितलं. अर्धी बाग वाळली. उरलेल्या वेलींना मी डोक्यावरून पाणी आणून घालते, आपल्या विहिरीतलं, आत न बघता हातानं शेंदून, जेवढं माझ्या अंगात आहे तेवढंच. लोक तोंडावर शिव्या देतात, पाठीमागं फ्यूज सांभाळतात. मैना अजून तुमच्या हातच्या वैरणीची वाट बघते, माझ्या हातची ती ढकलून देते. आणि आभाळातलं पाणी कुणाच्या सातबाऱ्यावर पडतं, याचं उत्तर तुम्ही दिलंच नाहीत. मलाही पूर्ण येत नाही. तुम्ही असता तर त्यावरून अजून वीस वर्षं भांडलो असतो, आणि मला तेच हवं होतं.

तुम्ही 'पोरी' म्हणालात, त्याला मी ओ दिली नाही. आज देते. मी लांब सरले नाही, मामंजी. सरणारही नाही.

काल विहिरीच्या काठावर वाकून बघितलं. इतके दिवस आत बघायचा धीर झाला नव्हता. गावातली एकही मोटर चालू नाही, म्हणून चहूबाजूंनी झरे सुटलेत. पाणी पुरुषभर चढलंय, स्वच्छ आहे, आणि तळाचा पाषाण दिसत नाही. तुम्ही आज पडला असता तर वाचला असता.